कोबीखालची चिठ्ठी

ताई,

तुमची चिठ्ठी अजून फ्रिजच्या दारावर आहे. ओल्या टोपलीत राहून शाई पसरलीय, पण वाचता येते: ‘गारांनी पालेभाजी गेली. या आठवड्यात वाटा निम्माच. आमच्याही घरी एवढाच. मुळ्याचा पाला लगेच कापून ठेवा, नाहीतर तो मुळ्यातलं पाणी ओढून घेतो.’

तुमच्या शेतातल्या भाजीच्या वाट्यासाठी अख्ख्या हंगामाचे पैसे पेरणीआधीच द्यायचे म्हटल्यावर माझा हात आखडला होता, हे आज कबूल करते. त्याआधी दोन वर्षं एका कंपनीची ‘थेट शेतातून’ भाजी घेत होते. कुठल्या शेतातून, ते एकदाही कळलं नाही. टोमॅटो बारा महिने एकाच मापाचे, लालभडक आणि बेचव. एकदा निम्मी भाजी सडकी आली, तक्रार केली, तर उत्तर आलं, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ दिलगीर नेमकं कोण, खाली नावसुद्धा नाही.

त्यामुळे त्या दिवशी टोपली हलकी लागली तेव्हा पहिलं मनात आलं, फसले पुन्हा. मग वरची पानं सोललेला तो कोबी उचलला आणि खाली चिठ्ठी. ‘आमच्याही घरी एवढाच.’ मी तिथेच खाली बसले.

खाणाऱ्यांनी आधीच पैसे देऊन पिकात वाटेकरी व्हायचं, ही रीत जपानमध्ये १९७०च्या दशकात ‘तेइकेई’ या नावाने रुजली, अमेरिकेत १९८६मध्ये दोन शेतांवर अशीच सुरुवात झाली, हे मी नंतर वाचलं. पीक आलं तर सगळ्यांचं, गेलं तर सगळ्यांचं. कागदावर झकास. पण पीक गेल्यावर तोंड न लपवणारं माणूस असेल तरच ते चालतं. तुम्ही गयावया केली नाहीत, पुढच्या वेळचं आमिष दाखवलं नाहीत. गारा पडल्या एवढं सांगितलंत. आणि स्वतःचं रान झोडपलेलं असताना माझा मुळा नरम पडू नये याची काळजी केलीत! साधी माणुसकी म्हणतात ती मला अशीच आवडते, गोड बोलण्याशिवायची.

पाला तेव्हाच कापला. फाटका होता, तरी परतून खाल्ला. मुळे शेवटपर्यंत कडक राहिले.

आता भोपळ्याचे दिवस आलेत आणि तुम्ही टोपलीत तीन-तीन कोंबता. त्याचे आभार मानायचे की नाही, ते अजून ठरलेलं नाही. पुढच्या हंगामाचे पैसे मात्र टोपली परत द्यायला येईन तेव्हाच आणते.

तुमची,
एक वाटेकरी