सईच्या हातात अमेरिकेचं सिमकार्ड पडण्याआधी

प्लॅनो, टेक्सस
14 जून

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न. वि. वि.

सईचं डॅलसचं तिकीट झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. बॅगेत काय भरायचं ते तिच्या मैत्रिणी सांगतीलच. मी लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल, आणि ते तुम्ही तिघांनीही वाचा. इथं नवीन मुलांना तगाद्याचे फोन येतात. "तुमच्या नावावर इतके डॉलर थकलेत, आज पाचच्या आत भरा, नाहीतर शेरीफ दारात येईल," असा साधारण सूर. (शेरीफ म्हणजे इथला पोलीस अधिकारी.) यातले पुष्कळ खोटे असतात, पण सगळे नसतात, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. सगळ्यांनाच खोटं समजून मोकळं होता येत नाही. कर्जसल्ल्याच्या कामामुळे दोन्ही प्रकारचे कागद रोज माझ्या समोर येतात, तेव्हा जरा लांबण लागली तर चालवून घ्या.

आधी नंबरचं. इथं कुणी सोडलेला मोबाइल नंबर किमान 45 दिवस बाजूला ठेवतात आणि मग दुसऱ्याला देतात. सईला मिळालेल्या नंबरचा आधीचा मालक कर्ज बुडवून गेला असेल, तर खरी वसुली कंपनीच तिला फोन करील. त्यावर उत्तर एकच: "त्या नावाचं या नंबरवर कुणी नाही, नंबर काढून टाका." आपण ती व्यक्ती नाही हे पटवून देण्यासाठी स्वतःचं नाव, जन्मतारीख, पत्ता सांगत बसायचं नाही.

आता खोट्यांचं. त्यांच्याकडे बहुतेक वेळा थोडी खरी माहिती असते: नाव, जुना पत्ता, कधी सोशल सिक्युरिटी नंबरचे, म्हणजे इथल्या सरकारी ओळख क्रमांकाचे, शेवटचे चार आकडे. ती येते दोन वाटांनी. एक, फुटलेला डेटा आणि झटपट कर्जाच्या वेबसाइटवर लोकांनी भरलेले अर्ज. कर्ज मिळो न मिळो, अर्ज विकला जातो. दुसरी वाट कर्जांच्या बाजाराची. इथं बँका जुनी थकबाकी डॉलरमागे काही सेंट घेऊन विकतात. घेणारा ती पुढे विकतो आणि शेवटी हातात उरते एक एक्सेलची फाइल. त्या फाइलीच्या प्रती ज्यांचा काडीचा हक्क नाही त्यांच्याकडेही पोचतात. म्हणून समोरच्याला आपली माहिती आहे याने काहीच सिद्ध होत नाही. उलट, कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही म्हणजे फोन खोटाच, असंही नाही. खरं कर्जसुद्धा अनोळखी कंपनीच्या हाती गेलेलं असू शकतं.

बोलणारा आपल्याकडचा वाटला म्हणून सई ढिली पडायला नको. 2012 मध्ये इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणारं सरकारी खातं) खोट्या कर्जवसुलीचं एक प्रकरण कोर्टात नेलं, त्यातले फोन भारतातून होत होते. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले ते तुम्हाला आठवत असेल. तिथली पोरं अमेरिकेचे करअधिकारी बनून इथल्या लोकांना धमकावत होती. साचा तोच: अधिकाऱ्याचा आव, केस नंबर, अटकेची भीती आणि घड्याळ लावून दिलेली मुदत. स्क्रीनवर दिसणारा नंबरही हवा तसा बनवता येतो, त्यामुळे कोर्टाचा किंवा पोलिसांचा नंबर दिसला तरी त्याला अर्थ नाही.

भलेभले गोंधळतात ती जागा पुढे आहे. खरा वसुलीवालासुद्धा आधी जन्मतारीख किंवा ते चार आकडे विचारतो, कारण तुमच्या कर्जाबद्दल तिसऱ्याशी बोलायला त्याला कायद्याने बंदी आहे. माणूस बरोबर आहे ना, एवढं त्याला बघायचं असतं. म्हणजे हा प्रश्न खरा आणि खोटा दोघंही विचारतात. सईने तो सोडवत बसू नये. तिने एवढंच म्हणावं: "मी फोनवर काहीही सांगणार नाही. तुमच्या नोंदीत माझा जो पत्ता आहे, त्यावर लेखी नोटीस पाठवा. तुमचं नाव, कंपनीचं नाव, टपालाचा पत्ता आणि फोन सांगा, मी लिहून घेते." खऱ्याचं यात काही बिघडत नाही, ती नोटीस त्याला द्यावीच लागते. खोटा मात्र इथेच आवाज चढवतो किंवा "नोटीस आधीच गेली, आता वेळ संपली" म्हणतो. मग फोन ठेवायचा, वाद घालायचा नाही.

त्या नोटिशीत काय हवं हे माहीत असलं की कागद आल्यावर धांदल होत नाही. अमेरिकेत वसुलीचा कायदा 1977 चा आहे आणि त्याखालचे नवे नियम 30 नोव्हेंबर 2021 पासून लागू आहेत. पहिल्या संपर्कातच, नाहीतर त्यानंतर पाच दिवसांत, ही माहिती द्यावी लागते: वसुली करणाऱ्याचं नाव आणि टपालाचा पत्ता, आता कर्ज कुणाकडे आहे, खात्याच्या क्रमांकाचा काही भाग, एका ठरावीक तारखेला किती रक्कम होती, त्यानंतर व्याज किती, शुल्क किती, किती भरले गेले आणि आज किती बाकी. शिवाय हरकत घ्यायची शेवटची तारीख आणि खाली फाडून पाठवायचा फॉर्म. "एकूण 1,840 डॉलर, त्वरित भरा" एवढंच लिहिलेला कागद नोटीस म्हणून चालत नाही. नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी हरकत घेतली की कर्जाचा पुरावा पाठवेपर्यंत वसुली थांबवावी लागते. हरकत सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवायची आणि प्रत स्वतःकडे ठेवायची. फोनवर घेतलेल्या हरकतीला ते संरक्षण नाही.

वेळेचंही बंधन आहे. सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर फोन करायचा नाही. एकाच कर्जासाठी सात दिवसांत सातपेक्षा जास्त फोन केले तर तो छळ धरला जातो. अटकेची धमकी तर साफ बेकायदा. टेक्ससच्या राज्यघटनेतच लिहिलंय की कर्जासाठी कुणालाही कधी तुरुंगात टाकलं जाणार नाही. "तुझा व्हिसा रद्द करू" हे तर निव्वळ बुजगावणं, वसुलीवाल्याच्या हातात व्हिसा नसतो.

टेक्ससमध्ये आणखी एक सोय आहे. दुसऱ्याच्या वतीने वसुली करणाऱ्या कंपनीला राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या नोंदणी अधिकाऱ्याकडे 10,000 डॉलरचा बाँड, म्हणजे हमीपत्र, ठेवावा लागतो आणि ती नोंद त्यांच्या साइटवर शोधता येते. तिथं नाव नसेल तर प्रश्न बराचसा निकालात निघाला. नाव असलं तरी थांबायचं, कारण भामटे खऱ्या कंपनीचंच नाव सांगतात. म्हणून नोंदीतला फोन नंबर घेऊन आपण उलट फोन लावायचा. मूळ घेणेकऱ्यालाही, म्हणजे बँक, दवाखाना, वीज कंपनी यांना, आपल्या जुन्या बिलावरच्या नंबरवर विचारायचं. शोधून पहिल्यांदा दिसणारा नंबर घ्यायचा नाही, तो कित्येकदा जाहिरातीचा असतो.

क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, ती ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडून, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन, दर आठवड्याला फुकट बघता येतो. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम ही एकच अधिकृत जागा. पण रिपोर्टमध्ये नाही म्हणजे कर्जच नाही, असा अर्थ काढू नका. सात वर्षांपेक्षा जुनी थकबाकी त्यावरून उतरते आणि दवाखान्याची लहान बिलं त्यावर येतच नाहीत.

पैसे कसे मागतात ते बघितलं तरी निम्मं काम होतं. गिफ्ट कार्डच्या मागचे आकडे वाचून दाखव, बँकेतून वायर कर, झेल (Zelle) या पैसे पाठवायच्या सेवेवरून पाठव, क्रिप्टो पाठव, असं म्हणणारा खोटा. हे पैसे गेले की परत ओढून आणणं जवळपास अशक्य असतं. गिफ्ट कार्ड दिलंच असेल तर कार्ड आणि पावती जपून ठेवून त्याच तासात कार्डच्या कंपनीला फोन लावायचा, रक्कम शिल्लक असेल तर कधी कधी गोठवता येते. चेकच्या तळाशी असलेले रूटिंगचे (बँक ओळखायचे) आणि खात्याचे आकडेही सांगायचे नाहीत, तेवढ्यावर खात्यातून पैसे ओढता येतात. तसं झालंच तर स्टेटमेंट आल्यापासून 60 दिवसांच्या आत बँकेत तक्रार करायची. आणि "आज फक्त 50 डॉलर भर, बाकीचं बघू" याला तर अजिबात भुलायचं नाही. पुष्कळ राज्यांत थोडी रक्कम भरली की मुदत संपलेलं जुनं कर्ज पुन्हा जिवंत होतं.

उलटी चूकही होते, ती मला जास्त खटकते. भामट्यांच्या भीतीने माणूस सगळेच कागद केराच्या टोपलीत टाकतो आणि त्यात एखादं खरं समन्स जातं. टेक्ससमध्ये 20,000 डॉलरपर्यंतचे दावे जस्टिस कोर्टात चालतात. समन्स मिळाल्यापासून चौदाव्या दिवसाच्या आत उत्तर दाखल झालं नाही, तर कर्ज खोटं असलं तरी निकाल एकतर्फी लागू शकतो. म्हणून कोर्टाचा कागद आला की त्यावरचा केस क्रमांक कोर्टाच्या क्लार्ककडे, कोर्टाच्या स्वतःच्या नंबरवर, तपासायचा. खोटा ठरला तर फेडरल ट्रेड कमिशन आणि टेक्ससच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार.

आता दादा, तुझ्याकडे. सईच्या शैक्षणिक कर्जावर तू सहकर्जदार आहेस, तेव्हा हप्ता खरंच थकला तर बँकेचा खरा फोन तुलाच येणार, आणि तो टाळून चालणार नाही. पण पुष्कळ सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जात कोर्स आणि वर ठरलेला काळ हप्ता सुरू होत नाही. काही ठिकाणी तेवढ्या काळात नुसतं व्याज भरावं लागतं. तुझ्या मंजुरीपत्रात काय लिहिलंय ते आत्ताच बघून ठेव. सई गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात कुणी "ईएमआय थकला" म्हणाला, तर लगेच कळेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. वसुली एजंटकडे बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र असावं लागतं. पैसे फक्त कर्जखात्यात, बँकेच्या ॲपवरून किंवा शाखेत. कुणाच्या मोबाइल नंबरवर यूपीआय करायचं नाही.

धमक्यांचं म्हणशील तर कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे. "चारशेवीसचं वॉरंट निघालंय" म्हणणाऱ्याला 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम 318 झालं, हेही बऱ्याचदा ठाऊक नसतं. चेक न वटण्याचं 138 कलम मात्र खरं आहे. पण त्यात चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस यावी लागते आणि नोटीस मिळाल्यावर भरायला 15 दिवस मिळतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या लोकअदालतीच्या पत्रालाही घाबरू नका. तिथली तडजोड दोघांच्या संमतीनेच होते, गेलं नाही म्हणून अटक होत नाही.

वहिनी, तुम्हाला कदाचित असा फोन येईल: "तुमच्या मुलीने अमेरिकेत कर्ज बुडवलंय, तिला पकडलंय, पैसे पाठवा." फोन ठेवा, तिला लावा. तिने उचलला नाही तर मला लावा, इथं रात्र असली तरी. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. हातात व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि ज्या खात्यात गेले त्याचा तपशील असू द्या. पहिल्या तास-दोन तासांत पैसे पुढे सरकायच्या आत अडवले जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. बँकेच्या खऱ्या माणसाने त्रास दिला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

मंजुरीपत्राची आणि करारनाम्याची एक झेरॉक्स सईबरोबर द्या, एक तुमच्याकडे राहू दे. फोटो मला पाठवा, कलमं मी वाचून कळवते. घरभाड्याच्या कराराची, वीजजोडणीची आणि पहिल्या दवाखान्याच्या बिलाची प्रतही तिने इथं आल्यावर एका फायलीत लावायला हवी, तिच्या नावावर निघू शकणाऱ्या थकबाकीच्या जागा पहिलं वर्ष तरी मुख्यतः याच.

आईला नमस्कार. 

तुमची,
सुमेधा