वाफ म्हणजे निर्धोक नव्हे

महोदय,
रॉकेटच्या क्रायोजेनिक (अतिथंड द्रव हायड्रोजन-ऑक्सिजन जाळणाऱ्या) इंजिनातून ‘फक्त वाफ’ निघते, म्हणून ते निर्धोक, असे सरसकट छापले जाते. जमिनीलगत ते खरे. २०० किमीच्या वर मात्र वाफेचे रेणू ऑक्सिजन आयनांचा (विद्युतभारित कणांचा) विद्युतभार स्वतःकडे घेतात, मग इलेक्ट्रॉन झटकन गिळतात आणि आयनांबराला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, भोक पडते. १४ मे १९७३ रोजी अमेरिकेचे स्कायलॅब हे अवकाशस्थानक नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटमुळे सुमारे १००० किमी त्रिज्येत इलेक्ट्रॉन निम्म्यावर आले, तेही जवळपास चार तास. रात्री भोक सावकाश बुजते; नवे आयन करायला ऊन नसते. घन इंधनातल्या क्लोरीनचे दुखणे वेगळे, ते खाली ओझोनला.

आयनांबर अभ्यासणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेललाच आहे. बातमीआधी तिथे एक फोन करायला काय हरकत?

– एक वाचक, कामोठे, नवी मुंबई