हॉर्निमन सर्कल ते हुतात्मा चौक : एका मोडक्या मनगटाचे खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास मुंबईच्या फोर्ट भागातील हॉर्निमन सर्कलच्या कमानींखालून बाहेर पडताना एक सुटा पेव्हर ब्लॉक माझ्या पायाखाली कलंडला आणि तोल सावरण्यासाठी टेकलेला उजवा हात मनगटात मोडला. त्या वेळी माझ्यासोबत १४ माणसे होती. मी निवृत्त बँक कर्मचारी असून कोणतेही शुल्क न घेता त्यांना या शहरातील पैशाचा इतिहास पायी फिरून दाखवत होतो. हे पत्र डाव्या हाताच्या एका बोटाने टंकले आहे. त्यात कोठे उद्धटपणा आढळल्यास त्याला मात्र बोट जबाबदार नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जण निवेदन घेऊन आपल्या दालनात आलो होतो. आपण आम्हाला चहा पाजलात, नकाशा पाहिलात आणि "हा सगळा पट्टा पावसाळ्याआधी पायी फिरण्याजोगा करून देतो," असा शब्द दिलात. कोणत्या पावसाळ्याआधी, हे विचारायचे राहून गेले, ही चूक आमचीच. मागणी तरी केवढी होती? एशियाटिक सोसायटीच्या, म्हणजे जुन्या टाउन हॉलच्या, पायऱ्यांपासून दलाल स्ट्रीटवरून हुतात्मा चौकापर्यंत, म्हणजे जेमतेम एक-दीड किलोमीटर, सलग आणि सपाट पदपथ असावा व महत्त्वाच्या ठिकाणी मराठीत चार ओळींचे फलक लावावेत, एवढीच.

त्या ३० पायऱ्या १८३३ साली पूर्ण झालेल्या टाउन हॉलच्या आहेत. इतक्या वर्षांत त्यांतील एकही माझ्या पायाखाली डुगडुगल्याचे मला स्मरत नाही. समोरचा पदपथ मात्र दर उन्हाळ्यात नव्याने घातला जातो आणि दिवाळीपर्यंत वाजू लागतो. याच परिसरात १८५० च्या दशकात शेअर दलाल वडाच्या सावलीत उभे राहून सौदे करीत. पुढे १८७४ साली ते आजच्या दलाल स्ट्रीटवर स्थिरावले आणि १८७५ साली त्यांची संघटना झाली. मधल्या काळात, १८६० च्या दशकात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर मुंबईत बँकांचे व कंपन्यांचे पेव फुटले. त्याच दशकात किल्ल्याचा तट पाडला गेला. चर्चच्या बाजूच्या दरवाजाचे नाव तेवढे चर्चगेट म्हणून उरले. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला आणि समभागांची रद्दी झाली. समुद्रात भराव घालून जमीन काढू म्हणणाऱ्या बॅकबे कंपनीचे कागदही त्यांतच होते. हा भाग मी नेहमी रंगवून सांगतो. आता त्यात आपल्या आश्वासनाची भर घालीन म्हणतो, कारण भाव चढा आणि पायाखाली जमीन नाही, हे वर्णन दोहोंना लागू पडते.

पडल्यानंतर पाऊण तास मी बागेच्या कठड्याला टेकून बसलो होतो. चमूतील एका बाईंनी त्यांची ओढणी गळ्यात बांधून हात अडकवून दिला. एका मुलाने, "काका, पण मग त्या दलालांचे पुढे काय झाले?" असे विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही, याचे दुःख हाडापेक्षा अधिक आहे. सहा आठवडे प्लास्टर राहणार आहे. आयुष्यभर इतरांचे हिशेब जुळवलेल्या माणसाच्या सदऱ्याची बटणे आता मुलगी लावून देते आणि वरणभात मला चमच्याने डाव्या हाताने खावा लागतो. यात आपल्याला रस नसेल, याची कल्पना आहे. तरीही लिहितो, कारण आपल्या खात्याच्या कोणत्याही अहवालात बटणांचा रकाना नसतो.

या वाटेवरचे हलणारे ब्लॉक मी त्याआधीच्या आठवड्यात मोजले होते. ते ६२ भरले. मुलीने मोजले तेव्हा ४८च भरले, परंतु तिने बंद दुकानांपुढची बाजू धरली नसावी. तक्रार मी मोबाइलवरून रीतसर नोंदवली होती. चौथ्या दिवशी "तक्रारीचे निराकरण झाले आहे" असा संदेश आला आणि सोबत एका स्वच्छ, सपाट पदपथाचे छायाचित्र आले, ज्यात मागे नारळाची झाडे दिसत होती. हॉर्निमन सर्कलला नारळाची ती रांग कोठे आहे, हे संबंधितांनी मला दाखवावे. मी ती फेरीत समाविष्ट करीन.

आणि हा प्रश्न एका ब्लॉकचा राहिलेला नाही. १९९५ साली आलेल्या वारसा जतनाच्या नियमांमुळे या भागातल्या जुन्या इमारतीचे रूप बदलायचे तर मालकाला परवानगीसाठी खेटे घालावे लागतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच इमारतीच्या पायथ्याशी केबलसाठी कोणीही चर खणतो, माती लोटतो आणि निघून जातो. विचारायला गेले की रस्त्याचे खाते पदपथाकडे बोट दाखवते, पदपथाचे खाते केबलवाल्यांकडे आणि केबलवाले कंत्राटदाराकडे; कंत्राटदार तर एव्हाना दुसऱ्या निविदेच्या भूमिपूजनाला आपल्याच शेजारी उभा असतो. रिझर्व्ह बँक आणि टाकसाळ जिथे हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे पैसा नाही म्हणून काम अडले, असे तरी कृपा करून कोणी सांगू नये. ज्या हुतात्म्यांच्या नावाच्या चौकात आमची फेरी संपते, त्यांनी मुंबईसह मराठी राज्य मागितले होते. त्या राज्यात दलाल स्ट्रीटवर मराठीत चार ओळी लावण्यासाठी दोन वर्षे कमी पडतात.

काल संध्याकाळी मी तेथे जाऊन आलो. तो ब्लॉक कोणीतरी उचलून नेला आहे आणि उरलेल्या खड्ड्यात झाडाची एक फांदी खोचून ठेवली आहे. येत्या रविवारची फेरी ठरल्याप्रमाणे सकाळी सात वाजता एशियाटिकच्या पायऱ्यांवरून निघेल. आपण येणार असाल तर बूट घट्ट बांधून यावे आणि फांदीच्या डाव्या बाजूने चालावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी