विन्या, तूच तिला सांग

प्रिय विन्या,

पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. तब्येत बरी, साखर आहे तिथेच आहे. लिहितोय ते चिंगीपायी.

तिची बारा नावाच्या बेटावरची नोकरी पक्की झाली. म्हणजे ती स्कॉटलंडच्या पश्चिमेला त्या बेटावर, आणि तिचा नवरा समीर पार उत्तरेला, ऑर्कनी बेटांतल्या कर्कवॉलला. चिंगी म्हणे, "बाबा, साडेतीनशे किलोमीटरसुद्धा नाही, विमानाने तासाभराचा प्रश्न. दर शनिवार-रविवार भेटू."

अंतर खरं आहे, 344 च्या आसपास. अक्षांश-रेखांश घेऊन मी मांडून पाहिलं. (लगेच ग्रेट सर्कल, म्हणजे गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर, काढू नकोस, एवढ्याशा अंतरात त्याने काही फरक पडत नाही. शाळेतल्या पृथ्वीगोलावरचा दोरा मात्र तूच हरवलास, यावर मी ठाम आहे.) पण तो तास कुठल्या विमानाचा? ताशी 800 चं जेट धरायचं, वर चढ-उताराचा अर्धा तास टाकायचा, झालं गणित! बाराला जेट उतरणार कुठे? तिथली धावपट्टी म्हणजे समुद्राची पुळण. भरती आली की पाण्याखाली. भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, तसं वेळापत्रकही हलतं. येतं ते 19 आसनांचं ट्विन ऑटर, आणि डिसेंबरात सात तासही उजेड नसतो.

हे सगळं सोड. या दोन गावांमध्ये थेट विमानच नाही! कर्कवॉलहून ग्लासगो, ग्लासगोहून बारा. 344 चे 580 झाले. वेळा जुळल्या तर दिवस गेला, नाही जुळल्या तर रात्र ग्लासगोत. शनिवारी पोचलेला माणूस चहा पिऊन परत निघणार.

समीरला हे बोललो, तर त्याने ऑर्कनीतल्याच वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधल्या विमानाचं ऐकवलं: 2.7 किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, विक्रम 53 सेकंदांचा. सांगताना असा फुलला होता, जणू विमान यानेच हाकलं. अरे, बायको पापा वेस्ट्रेला आहे का तुझी?

आमच्या हिला वाटतं मी उगाच आकडे कुटतोय. तुला ते वाटणार नाही. विमानतळाच्या टॉवरमधल्या नोकरीच्या बदल्यांमध्ये तू आणि वहिनी कसे राहिलात ते मी पाहिलंय. कागदावर तुम्हीही जवळच होतात. तेव्हा मी "जमेल रे" म्हणालो होतो आणि तू दोन महिने माझ्याशी बोलला नव्हतास. राग योग्यच होता, पण दोन महिने जरा जास्तच.

गुडघा कसा आहे? राहुलचं ठरलं का? वहिनींना नमस्कार.

आणि चिंगीला फोन कर. मी केला की "भरतीचं टेबल आहे माझ्याकडे" म्हणून गप्प करते. तुला काका म्हणते, निदान ऐकून तरी घेईल. वहिनींनाही बोलू दे. तू नुसता वाऱ्याच्या दिशेवर घसरशील.

तुझा,
अण्णा