काकूंची वजडी आणि ग्लासगोचं हॅगिस

सुमे,

दिवाळीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते अंगठे पाठवतेय, माहितीये मला. शिव्या नंतर दे. गुडघा बरा आहे, बीपी गोळीवर आहे, झालं.

लिहायचं कारण हॅगिस. हसू नको गं. २५ जानेवारीला रॉबर्ट बर्न्सचा वाढदिवस, इकडचा, म्हणजे स्कॉटलंडचा, लाडका कवी, जन्म १७५९ चा, आणि त्या रात्री घरोघरी, क्लबात, शाळेत बर्न्स सपर. यंदा शेजारणीनं आम्हाला बोलावलं. सगळे उभे राहिले, एक जण बॅगपाइप वाजवत पुढे आणि मागून ताटात हॅगिस, वरातीतल्या नवरदेवाचा थाट बघ अगदी. मग बर्न्सनं १७८६ मध्ये ह्या हॅगिसवरच लिहिलेली कविता शेजारणीच्या नवऱ्यानं हातवारे करकरून म्हटली आणि सुरीची ओळ आली तशी खस्सकन फाडलंच त्याला. वाफ, टाळ्या, व्हिस्की.

आणि आत काय तर मेंढीची कलेजी, हृदय, फुप्फुस बारीक करून, ओटमील, कांदा, चरबी, मिरी, आणि हे सगळं मेंढीच्याच पोटात भरून उकडलेलं. (आता बरेच जण कृत्रिम पिशवीत भरतात.) आम्ही इंडियन म्हणून तिनं डाळीबियांचं शाकाहारी हॅगिसपण आणून ठेवलं होतं बिचारीनं. मी नाही घेतलं. खऱ्याचा घास तोंडात गेला आणि मी थेट तुमच्या स्वयंपाकघरात, काकूंच्या वजडीपाशी, त्या बोकडाच्या पोट-आतड्यांच्या रश्श्यापाशी. तिखट नावाला नाही, कांदा-लसूण मसाल्याचा तर पत्ताच नाही, पण तो मागचा वास तोच. नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता, म्हणून तुला.

आता खरी भानगड. शेजारीण म्हणाली, पुढच्या वर्षी ह्याच्या शेजारी तुमच्याकडचं काहीतरी ठेवू. मी लगेच म्हटलं वजडी. घरी येईपर्यंत नवरोबा गप्प आणि दार लावल्यावर, "तू वेडी आहेस का, पनीर कर, लोक काय म्हणतील?" अगं कुठले लोक? आत्ता फुप्फुस खाऊन टाळ्या वाजवणारे? आणि हाच माणूस इथल्या रेस्टॉरंटमधली हॅगिस पकोडी प्लेटच्या प्लेट उडवतो!

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तुझा डबा उघडला की नाकाला रुमाल लावणाऱ्या त्या पोरी आठवतात, आणि मग तू रोज बटाट्याची भाजी आणायला लागलीस ते. (पन्हाळ्याला मात्र वजडीचा अख्खा डबा एकटीनं संपवलास, ते मी विसरलेले नाही.) हॅगिस तरी काय होतं, मेंढीचं काही वाया जाऊ नये म्हणून गरिबाघरचं खाणं. पण ह्यांच्या कवीनं फ्रेंच रागू (तिकडचा मटणाबिटणाचा रस्सा) खाणाऱ्यांची टिंगल करत त्याला पुडिंगांचा सरदार करून टाकलं. तो गेल्यावर १८०१ मध्ये अॅलोवेला, त्याच्या जन्मघरात, नऊ दोस्त त्याच्या आठवणीत जेवायला बसले, ते पहिलं बर्न्स सपर. मेनू काय, हॅगिस आणि मेंढीचं डोकं. मुंडी, सुमे, मुंडी! आणि आपल्याकडे मुंडी आणणारा माणूस पिशवी झाकून जिना चढतो.

पोरगीचं वेगळंच. इथे थाप मारतात की हॅगिस हा डोंगरावरचा प्राणी, एका बाजूचे पाय आखूड, त्यामुळे डोंगराला एकाच दिशेनं चकरा मारतो, उलटा वळला की गडगडत खाली. केल्व्हिनग्रोव्ह म्युझियममध्ये तर एक चक्क काचेत ठेवलाय. पोरगी तिथे फोटो काढते, हॅगिस मागून खाते, आणि वजडी काय असते सांगितलं तर "ई, बाबा!" करत बापाच्या खोलीत पळते. त्या "ई"नं मला जास्त लागलं, नवऱ्याच्या पनीरपेक्षा.

तर मी करणारच आहे. काकूंना विचार, हळद आधी लावायची की गरम पाण्यातून काढल्यावर, आणि शिट्ट्या किती. इथे पोट मिळतं ते पांढरंफेक धुतलेलं असतं, त्याला वास उरतो का देव जाणे. मसाला कुरिअर कर, पैसे देईन (ह्यावेळी खरंच). तुझ्या न्यू जर्सीच्या भावाला सांग, फुप्फुस घातलेलं हॅगिस तिकडे १९७१ पासून बंद आहे, बस म्हणावं बर्गर खात.

तुझ्या प्रमोशनचं अभिनंदन गं, उशिरा का होईना. मामंजींचा मोतीबिंदू झाला का? धाकट्याची दहावी यंदाच ना?

रेसिपी काकूंच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठव, तू टाईप केलीस तर मीठच विसरशील.

तुझी,
वैजू