पांडवलेणीतला शिलालेख ऐकायला मिळावा

संपादक साहेब, नमस्कार.
मल्टिमीडिया म्हणजे नुसता व्हिडिओ असं बरेच जण धरून चालतात, पण अक्षरं, फोटो, आवाज, हलती चित्रं एकत्र येऊन बघणाऱ्याला हवं तिथे बोट लावता येतं तो खरा मल्टिमीडिया. परवा मुलीला घेऊन पांडवलेणीत गेलो, ३ नंबरच्या लेणीत गौतमी बलश्रीचा लेख आहे, आईने आपल्या मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम कोरून घेतलाय, पण लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत, मुलगी विचारते बाबा काय लिहिलंय, मी गप्प. तिथे असाच मल्टिमीडिया करून क्यूआर कोड लावा ना, मोबाईलवर ओळीवर बोट ठेवलं की उच्चार ऐकू यावा, खाली मराठी अर्थ दिसावा, पायऱ्या चढू न शकणाऱ्या आजी-आजोबांनाही घरबसल्या बघता येईल. दादासाहेब फाळक्यांचं स्मारक तर पायथ्याशीच आहे, तिथूनच सुरुवात करा.
- एक पालक, नाशिक