साठ मतं होती, तरी सरकारी विमा गेला कुठे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर मी इथे न्यू जर्सीत रोज सकाळी मोबाइलवर वाचते. अमेरिकेतल्या आरोग्य विम्यावर काहीही छापून आलं की सूर ठरलेला असतो, डेमोक्रॅट्सना सगळ्यांना विमा द्यायचाय आणि रिपब्लिकन आडवे येतात. २०२५ मध्ये विम्याच्या सबसिडीवरून ४३ दिवस सरकार बंद पडलं तेव्हाही हेच वाचलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच इथे औषधं आणि विमा इतका महाग राहिलाय, म्हणून हे पत्र.

ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याच्या वेळचं बघा. २४ डिसेंबर २००९ ला सिनेटमध्ये ते बिल ६० विरुद्ध ३९ ने पास झालं, बाजूने एकही रिपब्लिकन नाही. मार्च २०१० मध्ये खालच्या सभागृहात २१९ विरुद्ध २१२, तिथेही एकही नाही. खरं तर प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे ही कल्पना आधी हेरिटेज फाउंडेशनसारख्या उजव्या संस्थेनेच मांडली होती, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी २००६ मध्ये ती अमलातही आणली होती. तीच कल्पना ओबामांनी घेतल्यावर एकदम देशद्रोह झाली. रिपब्लिकनांचं ते वागणं मला तेव्हाही संतापजनक वाटलं, आजही वाटतं.

पण मग डेमोक्रॅट्सकडे साठ मतं होती ना? खाजगी कंपन्यांना स्पर्धा म्हणून सरकारी विम्याचा एक पर्याय ठेवायचा, ज्याला इथे पब्लिक ऑप्शन म्हणतात, तो खालच्या सभागृहाच्या बिलात होता आणि सिनेटच्या बिलातून गायब झाला. तो रिपब्लिकनांनी नाही काढला, त्यांची मतं कुणाला लागतच नव्हती. सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायला साठ जण लागतात आणि यांच्याकडे बरोब्बर साठच, एक जास्तीचा नाही. म्हणजे साठातला एक जण जरी अडून बसला तरी सगळं अडलं. विमा कंपन्यांना शंभर सिनेटर फिरवायची गरजच नव्हती, तो शेवटचा एक पुरे होता.

तो एक म्हणजे जो लीबरमन, कनेटिकटचे. एटना, सिग्ना अशा मोठ्या विमा कंपन्यांचं हे राज्य. ज्येष्ठांसाठीची सरकारी मेडिकेअर ५५ वर्षांच्या लोकांनाही पैसे भरून घेऊ द्यावी, असं सप्टेंबर २००९ मध्ये ते स्वतः म्हणाले होते. तीन महिन्यांनी पब्लिक ऑप्शनच्या बदल्यात नेमकी तीच तडजोड समोर आल्यावर त्यांनी नकार दिला आणि दोन्ही गोष्टी बारगळल्या. त्यांच्या मनात काय होतं मी सांगू शकत नाही, पण फायदा कुणाचा झाला ते सरळ दिसतं.

त्याच वर्षी मे महिन्यात सिनेटच्या फायनान्स कमिटीची सुनावणी होती, अध्यक्ष डेमोक्रॅट मॅक्स बॉकस. टेबलाभोवती विमा कंपन्यांच्या संघटनेला खुर्ची होती, उद्योगवाल्यांना होती, पण सगळ्यांना एकच सरकारी विमा द्या म्हणणाऱ्या डॉक्टर-नर्सेसच्या संघटनांपैकी कुणालाच नव्हती. मग प्रेक्षकांतून एकेक जण उठून आम्हालाही बोलू द्या म्हणायला लागला, पोलीस त्याला बाहेर काढायचे की पुढचा उठायचा, असं करत आठ जणांना अटक झाली. व्हिडिओ आहे त्याचा, जमलं तर बघा. बॉकस यांच्याकडे या बिलाचं मुख्य काम बघणाऱ्या सल्लागार लिझ फाउलर त्याआधी वेलपॉइंट या विमा कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट होत्या.

आणि औषध कंपन्यांचं तर विचारूच नका. २००३ मध्ये मेडिकेअरला औषधं देणारा कायदा आला तेव्हा सरकारने कंपन्यांशी भावाची घासाघीस करायची नाही असं त्यातच लिहून ठेवलं. तो रेटणारे खासदार बिली टॉझिन २००५ मध्ये औषध कंपन्यांच्या संघटनेचे, फार्माचे, प्रमुख होऊन बसले. २००८ च्या प्रचारात ओबामांनी यावर जाहिरात केली, टॉझिन यांचंच उदाहरण देऊन, आणि आपण वाटाघाटी टीव्हीवर सगळ्यांसमोर करू असंही सांगितलं. २००९ मध्ये याच टॉझिन यांच्याशी व्हाइट हाउसने बंद दाराआड सौदा केला: कंपन्यांनी दहा वर्षांत ८० अब्ज डॉलरची बचत द्यायची आणि बिलाच्या बाजूने जाहिराती करायच्या, सरकारने भाव ठरवण्याचा आणि बाहेरून स्वस्त औषधं आणण्याचा विषय काढायचा नाही. विमा कंपन्यांची संघटना तर वरवर सुधारणेच्या बाजूने बोलत होती आणि त्याच वर्षी विरोधात प्रचार करायला चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योगांच्या संघटनेला तिने आठ कोटी साठ लाख डॉलर दिले होते, ते नंतर उघड झालं.

याचा त्रास काय होतो ते तुमच्या ज्या वाचकांची मुलं इकडे आहेत त्यांना मी काय सांगणार. आईवडील सहा महिन्यांसाठी येताना बॅगेत कपड्यांपेक्षा आधी गोळ्यांचा हिशोब होतो, डॉक्टरांची चिठ्ठी, पट्ट्या मोजून, वर दोन आठवड्यांच्या जास्तीच्या. आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या डायबेटिसच्या गोळ्या इथे संपल्या. औषध सिटाग्लिप्टिन, इथलं ब्रँडचं नाव जॅनुव्हिया. पुण्यात पेटंट संपल्यापासून महिन्याच्या गोळ्या काहीशे रुपयांत येतात, इथे महिन्याची छापील किंमत ५२७ डॉलर होती, आणि व्हिजिटर विम्यात जुना आजार बसत नाही. फार्मसीतल्या मुलीने स्क्रीन वळवून आकडा दाखवला तेव्हा काका एक शब्द बोलले नाहीत, नुसता माझा हात धरून बाहेर चला म्हणाले.

भाव ठरवायचा अधिकार मेडिकेअरला शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाला, तोही बजेटच्या खास नियमाने, ज्यात साठ मतं लागत नाहीत, सिनेटमध्ये उपराष्ट्राध्यक्षांचं मत धरून ५१ विरुद्ध ५० ने, आणि त्याच्या आधीच्या वर्षी खालच्या सभागृहाच्या कमिटीत तीन डेमोक्रॅट्सनीच विरोधात मत देऊन तो पार छाटून घेतल्यावर. पहिल्या फेरीत फक्त दहा औषधं, नवे भाव २०२६ पासून. जॅनुव्हिया ११३ डॉलरवर आली. एवढ्यासाठी सुद्धा मर्क, ब्रिस्टल मायर्स स्क्विब आणि जॉन्सन अँड जॉन्सन कोर्टात गेल्या, तिन्ही आमच्या न्यू जर्सीतल्या. इथले कितीतरी मराठी लोक याच क्षेत्रात नोकरी करतात, त्यांची मेहनत मी रोज बघते आणि संशोधनाला पैसा लागतो हेही मला कळतं. पण भावावर बोलायचंच नाही असा कायदा करून घेण्याशी संशोधनाचा काय संबंध?

आणि २०२२ मध्येच खाजगी विमा असलेल्यांनाही इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या आत मिळावं ही तरतूद सिनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ अशी पडली, कारण ती बजेटच्या त्या नियमात बसत नव्हती आणि लागत होती ६०. सात रिपब्लिकन बाजूने होते, बाकी ४३ विरोधात, तेव्हा इथे दोष सरळ त्यांच्याकडे जातो. मी कुणा एका पक्षाला सोडा म्हणत नाहीये. पक्षांची फूट खरी आहे, फक्त त्या फुटीत कुठे हात घालायचा हे पैसेवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी अशी बातमी देताना कोण कुठल्या पक्षाचा यासोबत कुठलं कलम कुणी काढलं किंवा घातलं आणि त्या खासदाराला कुठल्या उद्योगाकडून किती देणगी मिळाली हेही छापा, इथे हे आकडे सगळ्यांना बघता येतात. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कायद्यापासून सुरुवात करता येईल. तो एकाही डेमोक्रॅटच्या मताशिवाय पास झाला. आधी एकाच दुर्मिळ आजारावरच्या औषधांना भावाच्या घासाघिशीतून सूट होती, या कायद्याने ती एकापेक्षा जास्त दुर्मिळ आजारांवर चालणाऱ्या औषधांनाही दिली. यावर तुमच्याकडे एक ओळ वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

आपली,
एक नियमित वाचक, एडिसन, न्यू जर्सी